वानखडे गुरुजींनी खोली काढली

मास्तरकी सोडून आता इतकी वर्षं झाली, तरी आम्ही जुने मास्तर कुठं एकत्र बसलो की बोलणं फिरून फिरून एकाच जागी येतं. रोहण्याच्या शाळेत असताना वानखडे गुरुजींनी काढलेली खोली! एक आठवण निघाली की तिला धरून दुसरी येते, दुसरीला धरून तिसरी, आणि चहा गार होतो. माझी बायको वैतागून म्हणते, "एका खोलीचे एवढे किस्से? ताजमहालाचेही नसतील!"

मी म्हणतो, बरोबर आहे. ताजमहाल बांधणाऱ्याजवळ पैसा होता. पैसा असला की नुसती इमारत होते. पैसा नसला की किस्से होतात!

तर राजेहो, ऐका. आणे-पैशांचे दिवस होते, नवे पैसे यायचे होते. वर्धा जिल्हा अजून मध्यप्रदेशात होता आणि सिमेंट परमिटवर मिळायचं. शाळेत आम्ही चार मास्तर. एक हेडमास्तर, त्यांना सगळं गाव बडे गुरुजी म्हणायचं. ते पुस्तकातली मराठी बोलायचे आणि पुस्तकाप्रमाणेच वागायचे. दुसरे ढोबळे, जगाला फुकट सल्ला देणारे, कारण त्यांच्याजवळची फुकट देता येण्यासारखी तेवढी एकच वस्तू होती. तिसरा मी. आणि चौथे वानखडे गुरुजी, रोहण्याचेच, पहिलीचे मास्तर. हा माणूस जन्मात खोटं बोलला नाही आणि त्यांनी जन्मात एक पोर नापास केलं नाही. या दोन गोष्टी एकाच माणसाला कशा जमायच्या, ते मला अजून कळलेलं नाही.

\*

सुरुवात झाली धुरापासून.

गुरुजींचं घर दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत चूल, आणि खिडकी म्हणाल तर बोलूच नका. सरूवहिनी पहाटे चूल पेटवायच्या ते खोकायला लागायच्या. आम्ही बाहेर ओसरीत बसलो असलो तर आतून आधी खोकला यायचा, मग चहा यायचा, आणि मग डोळे पुसत वहिनी यायच्या. तीन वर्षं बिचारी सांगत होती, "अहो, मागं एक लहानशी खोली काढा. खिडकी ठेवा, धूर जायाले वर जागा ठेवा. लय नाई मागून राह्यली मी."

गुरुजी म्हणायचे, "पोरीचं लगन होऊन जाऊ दे."

पोरीचं लग्न झालं. पोर अमरावतीकडे नांदायला गेली. घरात दोघंच उरली. वहिनींनी पुन्हा विषय काढला. गुरुजी म्हणाले, "दिवाळी होऊन जाऊ दे."

दिवाळी झाली. भाऊबीजेला वहिनी माहेरी समुद्रपूरला गेल्या, आणि तिकडून एक पोस्टकार्ड आलं. वहिनींना लिहिता येत नव्हतं, भाचीच्या हातचं अक्षर होतं. मायना नाही, नमस्कार नाही, एकच ओळ.

"धूर गेला की येईन."

गुरुजींनी ते कार्ड आम्हाला दाखवलं. ढोबळे म्हणाले, "राग आहे. चार दिवसांत जाईल."

गुरुजी म्हणाले, "तुमी तिले ओळखत नाई, मास्तर. ते रागावली असती तं चार पानं लिहवली असती!"

\*

दौलत मिस्त्रीला बोलावलं. हा दौलत मापाला कधी फीत वापरायचा नाही. मागच्या अंगणात त्यानं दहा पावलं अशी टाकली, आठ पावलं तशी टाकली, तंबाखूची चिमूट तोंडात टाकली आणि म्हणाला, "दोनशेत होऊन जाते, गुरुजी. लय झालं तं सव्वादोनशे."

गुरुजींजवळ लग्नातून वाचलेले पोस्टात अडीचशे होते. त्यांचा चेहरा फुलला. पोस्टातून पैसे काढून आणले, नारळ फोडला.

नारळाचं खोबरं खाता खाता दौलत म्हणाला, "गुरुजी, आता काढूनच राह्यले तं दोन्हीकून दोन-दोन पावलं वाढवून घ्या. बाई मानसाले वावराले जागा पाह्यजे."

लोक म्हणतात, बांधकामात सागवान सगळ्यात महाग. साफ खोटं! सगळ्यात महाग असतं ते "आता काढूनच राह्यले तं" हे वाक्य. आणि ते फुकट मिळतं, म्हणून जो येतो तो देऊन जातो. मी म्हणालो, आता काढूनच राहिले तर भांड्यांना दोन कोनाडे घ्या. ढोबळे म्हणाले, जमीन शेणाची कशाला, सिमेंटची करा. बडे गुरुजी म्हणाले, "खिडक्या दोन असाव्यात. वायुवीजन हा आरोग्याचा पाया आहे." शेजारच्या म्हातारीनं तर देवघरही त्यातच घालून दिलं.

गुरुजी कोणालाच नाही म्हणाले नाहीत. त्यांनी बायकोला सगळं खरं खरं कळवलं. दर रविवारी ते समुद्रपूरला एक कार्ड टाकायचे, बारीक अक्षरात, पत्त्याच्या जागेपर्यंत भरून. लिहिलं, खोली चार पावलं वाढवली आहे.

उत्तर आलं. "धूरही तेवढाच वाढीन."

\*

दौलतनं नवा अंदाज सांगितला तेव्हा गुरुजी ओट्यावर बसूनच राहिले. पैसे तेच आणि खोली दीडपट.

तेव्हा बडे गुरुजींना कल्पना सुचली. आमच्या भागात त्या काळी श्रमदानाचं मोठं वेड होतं. दर शनिवारी दुपारी आम्ही मास्तर टोपल्या-फावडी घेऊन कुठल्या ना कुठल्या गावचा रस्ता करायला जायचो. बडे गुरुजी म्हणाले, "आपण परक्या गावांचे रस्ते करतो. मग आपल्या सहकाऱ्याच्या खोलीला आपले हात का लागू नयेत? मजुरी वाचेल!"

ठरलं. रविवारी सकाळी पाया खोदायचा. खोलीला चार बाजू, आम्ही मास्तर चार. एकेकाला एकेक बाजू वाटून दिली. बडे गुरुजी शाळेची घंटाच घेऊन आले. पस्तीस मिनिटांचा तास, मग पाच मिनिटं सुटी, पुन्हा घंटा. दौलत झाडाखाली बसून पाहत होता. देखरेखीची मजुरी त्यानं आधीच ठरवून घेतली होती.

तीन तास झाले. दौलत उठला, पायाभोवती एक चक्कर मारली आणि उभाच राहिला.

बडे गुरुजींची बाजू दोरी लावून नेमकी दीड हात. ढोबळेंची वीतभर, कारण तो माणूस घामही जपून गाळायचा. माझ्या बाजूचं मी सांगत नाही. आणि वानखडे गुरुजी? ते कमरेपर्यंत खाली गेले होते आणि अजून खणत होते!

"गुरुजी," दौलत म्हणाला, "खोली काढून राह्यले का विहीर?"

गुरुजींची बाजू भरून काढायला दोन बैलबंड्या मुरूम विकत आणावा लागला. ढोबळेंची बाजू खोदायला दोन मजूर लावावे लागले. माझी बाजू कोणी खोदली, ते जाऊ द्या.

\*

श्रमदानाचा एक नियम होता. ज्याच्या घरचं काम, त्याच्या घरचं काही खायचं नाही. बडे गुरुजींनी तो वाचूनही दाखवला. पण वानखडे गुरुजी कसले ऐकतात! "माह्या घरी येऊन लोकं उपाशी जातीन? ते असती तं जाऊ देल्ले असते का तिनं?"

त्यांनी शेजारच्या म्हातारीला सांगून पोहे करवले. वर शेंगदाणे, वर लिंबू. बडे गुरुजींनी नियमाकडे पाहिलं, पोह्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "अन्नाचा अवमान होऊ नये."

पुढच्या रविवारी आम्ही तिघं गेलो तर अंगणात बावीस माणसं! ज्यांनी आयुष्यात कधी शनिवारी रस्त्यावर टोपली उचलली नव्हती, ते फावडी घेऊन हजर. एकाजवळ फावडं नव्हतं, तो ताटली घेऊन आला होता. तीन माणसांचं काम, त्याला बावीस लागलेले. एक वीट पाच हातांतून जायची आणि सहावा ती परत मागे द्यायचा.

दुपारी हिशेब झाला. भिंत वीतभर चढली होती आणि पोहे दोन पायल्या उतरले होते.

"गुरुजी," दौलत हात जोडून म्हणाला, "तुमी मजूर लावा. मजूर आपली भाकर घरून आनते!"

गुरुजींनी हेही इमानानं समुद्रपूरला कळवलं. उत्तर आलं, "मी असताना एवढे पोहे कधी लागले?"

\*

आणलेल्या विटा संपल्या आणि नव्या महाग झाल्या होत्या. ढोबळेंनी फुकटचा सल्ला दिला, "आपणच पाडू. माती काय, नदीवर पडली आहे."

आम्ही पाडल्या. गुरुजींच्या चुलतभावाच्या नदीकाठच्या वावरात सुटीच्या दिवशी चिखल तुडवला, साचे भरले, उन्हात ओळी मांडल्या. माझ्या पायांना भेगा पडल्या त्या अजून आहेत, कोणाला पाहायच्या असल्या तर दाखवतो. नऊशे विटा झाल्या.

भट्टीत घालायच्या आधी बडे गुरुजी पाहायला आले. हातात खडू. आम्हाला वाटलं, मोजायला आले. कसलं हो! त्या माणसानं एकेक वीट उचलून तपासली. कोपरा मोडला, नापास. बाक आला, नापास. बोटाचा ठसा दिसला, "अस्वच्छता!" आणि नापास. नापास विटेवर खडूनं फुली. दिवस मावळेपर्यंत निकाल लागला. नऊशेंपैकी साडेतीनशे पास!

दौलत डोक्याला हात लावून बसला. "मास्तर, विटाले भिंतीत जायचं हाये, मॅट्रिकले नाई!"

पण बडे गुरुजी हटेनात. नापास विटांचा पुन्हा चिखल करायचा, असा त्यांचा हुकूम. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेआधी मी सहज वावराकडून गेलो, तर वानखडे गुरुजी ओल्या फडक्यानं विटांवरच्या फुल्या पुसत होते. एकेक, हळूच. मला पाहून ओशाळले.

"राहू द्या, मास्तर," म्हणाले, "वरच्या थरात जातीन त्या. वरच्या वर्गात गेली का सुधरते."

बडे गुरुजींनी मग सगळ्या विटा पास झालेल्या पाहिल्या आणि आमच्या मेहनतीचं कौतुक केलं!

या वेळच्या कार्डावर वहिनींची ओळ होती, "विटा पास, तुमी नापास." पण तिच्याखाली आणखी दोन ओळी होत्या, मोठ्या माणसाच्या हातच्या. वहिनींचे भाऊ गुणवंतराव यांच्या. "जवाईबापू, बहीण मले जड नाई. डॉक्टर म्हणे छातीत धूर बसला आहे. मिरगाच्या आत घर झालं नाई, तर मी तिले पाठवणार नाई."

गुरुजींनी ते कार्ड आम्हाला वाचून दाखवलं नाही. खिशात ठेवलं; पोस्टमननं ते आधीच वाचलं होतं, म्हणून आम्हाला कळलं. पण त्या दिवशी त्यांनी पहिलीच्या वर्गाची हजेरी दोनदा घेतली. घरी जाऊन बघावं तर त्याच धुराच्या खोलीत, चुलीपुढं उकिडवे बसून स्वतः भाकरी थापत होते, आणि खोकत होते. मला फार वाईट वाटलं. म्हटलं, चला माझ्याकडे जेवायला. तर म्हणाले, "नाई. मले पाहू द्या, ते कसं करत होती एवढी वर्षं."

\*

आर्वीला एक जुनं कापसाचं गोदाम मोडत होते, त्याचा लाकूडफाटा स्वस्तात निघणार होता. गुरुजी आणि ढोबळे गेले. नवं दार करायला सुतार चाळीस मागत होता. गोदामाचं दार बारा रुपयांत! अस्सल सागवान, लोखंडी पट्ट्या ठोकलेलं. ढोबळे म्हणाले, घ्या, असं दार पुन्हा मिळायचं नाही.

आणि ते खरंच होतं. असं दार कोणत्याही स्वयंपाकघराला पुन्हा मिळायचं नाही! बंडीवरून उतरवायला आठ माणसं लागली. भिंतीजवळ उभं केलं तर दौलत एकदा दाराकडे पाही, एकदा भिंतीकडे. दार भिंतीपेक्षा हातभर उंच होतं. आणि रुंद एवढं, की दोन झडपा उघडल्या तर जुंपलेली बंडी आत जाईल.

"दाराले भिंत लावायची का भिंतीले दार?" दौलतनं विचारलं.

भिंत पाडली. दोन खिडक्यांपैकी एक दारातच गेली. भिंती पुन्हा उचलल्या, हातभर वाढवून. वाढलेल्या भिंतींना वाढलेल्या विटा. बारा रुपयांचं ते दार शेवटी केवढ्याला पडलं, ते गुरुजींनी आम्हाला कधी सांगितलं नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही. एवढं मात्र खरं, की त्यानंतर ढोबळे महिनाभर कोणाला सल्ला देत नव्हते.

वहिनींचं कार्ड आलं. "स्वयंपाक मानसाचा करायचा का बैलाचा?"

\*

आता सिमेंट. जमिनीला आणि ओट्याला तीन पोती हवी होती. परमिटचा अर्ज द्यायला गुरुजी वर्ध्याला गेले, मी सोबत होतो. खिडकीवरचा बाबू भला माणूस होता. त्यानं समजावून सांगितलं, "मास्तर, स्वयंपाकघराला मिळत नाही. विहिरीला मिळतं, शाळेला मिळतं, संडासाला मिळतं."

मी गुरुजींना बाजूला घेतलं. म्हटलं, "लिहा संडास! रोहण्याला येऊन कोण पाहतो?"

गुरुजी घुटमळले. मी म्हटलं, "गुरुजी, वहिनींची आठवण करा. मिरगाला किती दिवस राहिले?"

त्यांनी लिहिलं. परमिट मिळालं, पोती आली. मी मनात म्हटलं, सुटलो एकदाचे.

सोमवारी गुरुजी शाळेत आले ते तोंड सुकवून. म्हणाले, "मास्तर, मी लिहून आलो. आता तो बांधा लागते."

"अहो, वेड लागलं का? कोण पाहायला येणार आहे?"

"मी हावो ना पाह्याले!"

सगळ्यांनी समजावलं. बडे गुरुजी तेवढे म्हणाले, "वानखडे, मला तुमचा अभिमान वाटतो," आणि मला त्या क्षणी त्यांच्या हातातली घंटा त्यांच्याच डोक्यात घालावीशी वाटली. तीन पोती सिमेंट गेलं संडासात. उरलेल्या विटा गेल्या संडासात. छपराच्या कवेलूंसाठी ठेवलेले पैसेही तिकडेच गेले.

गावात तोपर्यंत कोणी संडास पाहिला नव्हता. लोक झुंडीनं यायला लागले. एक म्हातारबाबा दारातून आत डोकावले, भिंतीवर काठी वाजवून पाहिली आणि कळवळून म्हणाले, "गुरुजी, एवढं मोठ्ठं शिवार पडलं हाये. कोंडून काऊन घेता स्वतःले?"

कार्ड आलं. पाच शब्दांचं.

"मी स्वयंपाकघर बांधाले सांगतलं होतं."

\*

मिरगाला महिना उरला. खोलीची अवस्था ही अशी: चार उंच भिंती, बंडी जाईल एवढं दार, एक खिडकी, दोन कोनाडे, मातीची चूल, आणि वर आभाळ. पैसे संपलेले. दौलत दुसऱ्या कामावर गेलेला. गुरुजींनी शेवटचं कार्ड लिहिलं. पहिल्यांदाच पत्त्याची जागा कोरी राहिली, एवढं लहान. त्यांनी मला दाखवलं. "भिंती झाल्या. छप्पर नाही. आता होणारही नाही. मला क्षमा करावी."

मी म्हटलं, असं लिहू नका, जरा सावरून लिहा. ते म्हणाले, "हाये तेच लिहिलं ना?"

आठ दिवस उत्तर नाही. गुरुजी पोस्टमनची वाट पाहत शाळेच्या फाटकात उभे राहायचे. पोस्टमन दुरूनच हात हलवायचा.

नवव्या दिवशी, सुटीचा दिवस होता, आम्ही तिघं त्यांच्याकडे बसलो होतो. दारात बंडी थांबली. बंडीवर गुणवंतरावांचा सालदार महादू, मागे छपराच्या पत्र्याच्या नव्याकोऱ्या दहा टिना बांधलेल्या, आणि टिनांवर बसलेल्या सरूवहिनी! दोन मुक्काम करून आल्या होत्या.

"भावानं धाडल्या," उतरता उतरता म्हणाल्या. "म्हणे, जवाई भिंतीतच संपला, छप्पर मी देतो."

गुरुजी उठून पुढं आले. नुसते उभे. हात कुठं ठेवावे ते त्यांना कळत नव्हतं.

वहिनी सरळ मागे गेल्या. त्या दारासमोर थांबल्या. वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग आत गेल्या, पदर खोचला, चूल पेटवली. काड्या ओल्या होत्या. धूर निघाला. आम्ही सगळे तयारच होतो, आता खोकला येणार! पण धूर सरळ वर गेला. भिंतींच्याही वर गेला आणि निघून गेला. वहिनींनी मान वर करून पाहिलं. चहा टाकला. भाकऱ्या टाकल्या. वांग्याची भाजी केली. सहा माणसांचा स्वयंपाक झाला आणि त्या एकदाही खोकल्या नाहीत. गुरुजी भिंतीला टेकून नुसते पाहत होते, आणि डोळे मात्र त्यांचेच भरून आले होते.

जेवणं झाली. महादूनं टिनांचे दोर सोडायला घेतले, तशा वहिनी बाहेर आल्या.

"थांब रे. ह्या टिना वापस घेऊन जाय."

"वापस?"

"हो. वर टिना टाकल्या का धूर पुन्हा आतच राहीन. मले असंच पाह्यजे. दादाले सांगजो, लय झाक घर बांधलं म्हना!"

ढोबळे खूश झाले. टिना ठोकायची मजुरी वाचली, म्हणाले. बडे गुरुजी म्हणाले, "निसर्गाच्या सान्निध्यात पाकसिद्धी. उत्तम!" गुरुजींना तर आनंद मावेना. सहा महिने ज्या छपरासाठी जीव टांगणीला लागला होता, ते नकोच निघालं! महादूनं बैल वळवले. बंडी घुंगरं वाजवत पुलगावच्या वाटेला लागली.

वहिनी आत जाऊन भांडी आवरू लागल्या. मी सहज विचारलं, "वहिनी, पण पावसाळ्यात कसं करणार?"

"पावसाळ्यात?" वहिनींनी कढई पालथी घातली. "पावसाळ्यात काय करायचं हाये? मिरग लागला का मी जातो समुद्रपूरले. दिवाळीनंतर येतो."

आम्ही वळून पाहिलं तर गुरुजी जागेवर नाहीत!

पंचेचाळिशीचा माणूस, पायात वहाण नाही, एका हातात धोतराचा सोगा, भर दुपारच्या उन्हात गावच्या रस्त्यानं पळतो आहे. ज्या माणसाला आम्ही घंटा झाल्यावरही कधी भरभर चालताना पाहिलं नव्हतं! आम्ही तिघं त्यांच्या मागे. लोक घराघरातून बाहेर आलेले. बंडी गावाबाहेरच्या बाभळीपर्यंत पोचली होती.

"महादू! थांब बे! थांब!"

महादूनं कासरा ओढला. गुरुजी बंडीचं चाक धरून धापा टाकत उभे राहिले.

"काय झालं, गुरुजी?"

"टिना... टिना उतरव!"

"किती उतरवू?"

गुरुजींनी एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा घराच्या दिशेनं पाहिलं आणि म्हणाले,

"चुलीवरची एक सोडून बाकीच्या सगळ्या!"